गाळलेली ओळ

साक्ष द्या बाई, असं मला अजून अधूनमधून सांगतात आणि मी अजून नाही म्हणते. आमच्या चर्चच्या मंडळीत साक्ष देणं म्हणजे उपासनेच्या वेळी पुढं उभं राहून सांगायचं, की मी आधी अशी होते, मग प्रभूनं असं केलं, आणि आता बघा मी कशी आहे. त्यातलं पहिलं मला सांगता येतं, दुसरंही थोडंफार येतं. तिसऱ्यापाशी गाडी अडते. मी होते तशीच आहे, राग नाकावर घेऊन हिंडणारी, आणि तरी देवानं मला टाकलेलं नाही. एवढंच मला सांगायचंय. एवढ्यावर कुणी हालेलुया म्हणत नाही, म्हणून पुढं उभी न राहता इथं बसून लिहिते.

मुळशी धरणाच्या काठच्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. लग्न केलं नव्हतं. एका शेतकऱ्याच्या घरात पुढची खोली भाड्यानं घेतली होती. माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको सूसला राहायचे, आई त्यांच्याकडे. सूस तेव्हा गावच होतं, डोंगराच्या कडेनं चार नव्या इमारती उठल्या होत्या इतकंच. रविवारी आम्ही पिरंगुटच्या अलीकडं आमच्या पत्र्याच्या चर्चमध्ये भेटायचो. मी मुळशीकडून एसटीनं यायचे, ते तिघं स्कूटरवर, आई मध्ये दाबून बसलेली. भाऊ पेटी वाजवायचा आणि सगळ्यांनी मिळून म्हणायच्या प्रार्थनेला सुरुवात करून द्यायचा. मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायचे. काय शिकवायचे, तर क्षमा. हातात पट्टी घेऊन. दोन पोरं भांडली की कानाला धरून समोरासमोर उभी करायची, मिळवा हात, म्हणा चुकलो, झालं. मला वाटायचं हे असंच होतं.

भाऊ माझ्यापेक्षा बराच लहान. त्याला मीच वाढवला म्हटलं तरी चालेल. दूध उतू गेलं, एसटी चुकली, गणितात नापास झाला, प्रत्येक वेळी माझ्या तोंडी एकच वाक्य: झोपला होतास का रे? तोंडात बसलेलं वाक्य. त्याचं उत्तर मला कधीच नको असायचं.

आई गेली तेव्हा भातलावणी चालू होती. साल दोन हजारच्या पुढचं होतं, पण आमच्या बाजूला मोबाइल पोचला नव्हता. गावात फोन दोन. एक ग्रामपंचायतीत, तो कुलपात. दुसरा किराणा दुकानात. सकाळी शाळा भरायच्या आधी दुकानदार डोक्यावर पोतं घेऊन भिजत आला आणि दारातूनच म्हणाला, ‘‘बाई, सूसवरनं भावाचा फोन व्हता. आई सीरियस हाय म्हनला. लगीच निघा.’’

आता हे ज्याला कळतं त्याला कळतं. आपल्याकडं फोनवर कुणी मेलं असं सांगत नाहीत. सीरियस आहे म्हणतात, निघून या म्हणतात, आणि ऐकणाऱ्यानं काय ते समजायचं असतं. अख्ख्या मुळशी तालुक्याला हे माहीत होतं. मला नव्हतं का? होतं. पण आपल्या आईच्या बाबतीत कुणाला असं समजतं? मी सीरियस म्हणजे सीरियसच धरलं. आईला साखर होती, बीपी होतं, आधीही दोनदा दवाखान्यात ठेवलं होतं, आणि दोन्ही वेळा शुद्धीवर येऊन तिनं पहिलं काय मागितलं तर आंबेमोहोराची पेज. दवाखान्यातलं तिला जात नसे. मी म्हटलं, जायचंच आहे तर पेज घेऊन जाऊ.

म्हणून मी निघायचं सोडून स्टोव्ह पेटवला.

घरमालकीण लावणीवरून परत आली होती, पाय पोटरीपर्यंत चिखलात. दुकानदारानं तिला सांगितलं असणार. ती आत आली, माझं पातेलं बघितलं, आणि आपल्या चुलीवर भाकऱ्या टाकायला बसली. चांगली चवड केली तिनं. मी म्हटलं, ‘‘मावशी, एवढ्या भाकरी कशाला?’’

‘‘तितं चूल पेटली नसंल,’’ ती म्हणाली.

मला वाटलं, बरोबर आहे, दवाखान्याच्या धावपळीत कुणाची चूल पेटते. मी आणखी वर तिचे आभार मानले. तिला वाटलं, बाईंना सगळं कळलंय, आणि दुखवट्याच्या घरी भात न्यायची रीत म्हणून बाई भात शिजवतायत. केवढी धीराची बाई, असं ती नंतर आळीत सांगत होती म्हणे. पेज मी बिनमिठाची केली, बीपीसाठी. डबा फडक्यात बांधला. तोवर पहिली एसटी निघून गेली होती, आणि दुसरी रस्त्यावर झाड पडल्यामुळं उशिरा आली.

सूसला पोचले तर घराला कुलूप. शेजारची बाई गॅलरीतून म्हणाली, ‘‘सगळे मातीला गेलेत.’’

मी विचारलं, ‘‘कुणाच्या?’’

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या तोंडावरूनच मला कळलं.

आमच्यात माती म्हणजे दफन. शवपेटी खड्ड्यात उतरवली की घरच्या प्रत्येकानं मूठभर माती टाकायची, त्याला माती देणं म्हणतात. त्याआधी तोंड बघायचं. मी रिक्षा करून दफनभूमीत पोचले तेव्हा दोन माणसं फावड्यानं वरचा ढीग थापत होती. तोंड नाही, मूठ नाही, काही नाही. छत्र्या धरून सगळे उभे, आणि भाऊ मध्ये, भिजलेला. मी डबा हातात धरून त्याच्यासमोर गेले आणि एवढंच म्हणाले, सगळ्यांदेखत, शाळेच्या आवाजात: ‘‘झोपला होतास का रे तू?’’

त्यानं मान खाली घातली. आमच्या चर्चचे पाळकसाहेब हळूच म्हणाले, बाई, खड्ड्यात पाणी भरत होतं, थांबता आलं नाही. मी म्हटलं, पाणी उपसता येतं.

परत जाताना फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते. डबा तसाच. काय करायचं त्या पेजेचं? मी तो उघडला आणि उभ्या उभ्या सगळी पेज पिऊन टाकली, गार, बिनमिठाची. रडू आलं ते तेव्हा, आणि ते दुःखाचं होतं असं मी म्हणणार नाही. ते रागाचं होतं.

दुकानदारावर मी रागावले नाही. मालकिणीवरही नाही. मावशी रडायला लागली, ‘‘आमाला वाटलं तुमाला समजलंय, बाई. न्हाईतर म्या तुमाला चुलीपाशी हुबी राहू दिली असती व्हय?’’ तिची काय चूक. माझा सगळा राग भावावर. दुपार टळेपर्यंत थांबला असता तर काय बिघडलं असतं? इतरांना ज्या देवाच्या नावानं मी क्षमा करायला लावत होते त्या देवासमोर मी सांगितलं, याला नाही.

मग माझ्यावर उपाय सुरू झाले. मंडळीतले लोक वाईट नव्हते, माझं भलंच बघत होते. मी उपास केले. रविवारच्या शाळेत मुलांना जे पाठ करायला लावायचे ते स्वतः पाठ म्हणून बघितलं. बाहेरून आलेल्या एका उपदेशकानं डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि सांगितलं, आता कडूपणा निघून गेला. मी घरी जाऊन बघितलं, तो होता तिथंच होता.

शेवटी नाताळच्या आधी पाळकसाहेबांनी मला आणि भावाला प्रभुभोजनाच्या मेजासमोर उभं केलं. सगळी मंडळी बघतेय. त्यानं हात पुढं केला, मी धरला. बायकांनी डोळे पुसले. कुणीतरी गाणं सुरू केलं. मी भाकर खाल्ली, द्राक्षरस प्यायले, सगळ्यांनी येऊन सलाम केला, पाठ थोपटली. खोलीवर आले आणि भांडी घासताना एक पेला असा आपटला की त्याला कायमचा पोचा आला. तो पेला अजून आहे माझ्याकडं. मी तेव्हा जे केलं ते तेच होतं, जे मी इतकी वर्षं पोरांना कानाला धरून करायला लावत होते. हात मिळव, म्हण चुकलो, झालं. कसलं झालं? काही झालेलं नव्हतं, आणि देवाच्या मेजावर मी ढळढळीत खोटं बोलून आले होते.

पुढच्या रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत ती ओळ आली. आम्ही दुसऱ्यांना जशी क्षमा केली तशी तू आम्हाला कर, असा तिचा अर्थ. लहानपणापासून हजारदा म्हटलेली. पण त्या दिवशी मी तोंड मिटलं. ठरवून. ओळ संपली, पुढची आली, तेव्हा परत म्हणायला लागले.

आता माझा आवाज म्हणजे सातवीपर्यंतच्या वर्गांना मैदानावरून आत बोलावणारा आवाज. आमची मंडळी लहान, निम्मे लोक पुटपुटणारे, प्रार्थना खरं तर माझ्याच आवाजावर चालायची. मी थांबले की ती मध्येच बसायची. मग दोन-चार लोक कसेबसे ती ओळ ओढून नेत आणि पुढं मी परत पकडायचे. एका महिन्यात सगळ्यांना कळलं. पेटीवरच्या भावाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तो मान वर करत नसे.

पाळकसाहेब एसटीनं माझ्या खोलीवर आले. भला माणूस, चहा बशीत ओतून पिणारा. म्हणाले, ‘‘बाई, ती ओळ सोडलीत तर तुमची स्वतःची क्षमाही सुटते. त्या एकाच वाक्यात दोन्ही आहे.’’

‘‘ठाऊक आहे साहेब. व्याकरण शिकवते मी.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय. अर्धं खोटं बोलून उरलेलं अर्धं मागायचं, हे मला जमायचं नाही. मला क्षमा मिळाली नाही तर नाही. पण त्याच्या तोंडावर खोटं बोलणार नाही.’’

त्यांनी बशी खाली ठेवली आणि सांगितलं, की मग तोवर तुम्ही प्रभुभोजनाला पुढं येऊ नका. रविवारची शाळाही दुसऱ्या कुणाला देऊ. मी म्हटलं, ठीक आहे. पण बाक सोडणार नाही. चर्चमधून मला कुणी उठवलं तर बघा. ते म्हणाले, कोण उठवतंय बाई तुम्हाला, आणि उरलेला चहा प्यायले. ते गेल्यावर मी खूप रडले. कारण मला हवी होती ती क्षमा. मी काय दगड होते? रात्री अंथरुणावर पडले की वाटायचं, आपण मेलो तर कुठं जाणार? आणि सकाळी उठून परत तोच हट्ट.

तर मी मागच्या बाकावर बसायला लागले. भाकर वाटली जायची तेव्हा सगळे पुढं, मी एकटी मागं. आणि गप्प बसल्यावर मला पहिल्यांदा इतरांचं ऐकू यायला लागलं. इतकी वर्षं माझ्याच आवाजात कुणाचं काही ऐकलं नव्हतं. पौडच्या दवाखान्यातली एक नर्स होती, नवऱ्यानं टाकलेली. त्या ओळीला तिचा आवाज इतका बारीक व्हायचा की ओठच तेवढे हलायचे. धरणावर नोकरी करून निवृत्त झालेले एक आजोबा होते, मुलाशी बोलणं बंद. त्यांना नेमका त्याच ओळीला खोकला यायचा. दर रविवारी. मला आधी हसू आलं, मग उमगलं. आम्ही सगळेच तिथं अडत होतो. मी एकटी उघड अडले होते इतकंच.

एके दिवशी नर्स येऊन माझ्या शेजारी बसली. म्हणाली, ‘‘इथं बसलं तर चालेल ना? मलाही ती ओळ येत नाही.’’ मी सरकून जागा दिली. नंतर आजोबा आले, पण त्यांनी खोकल्याचंच सांगितलं, पंख्याचा वारा लागतो म्हणाले. पुढच्या बाकांवरचे आमच्या बाकाला मुक्यांचं बाक म्हणायला लागले. म्हणोत. चर्चमधलं तेवढंच एक बाक होतं जिथं कुणी कुणाला कसं काय, प्रभूच्या कृपेनं बरं, असं म्हणत नसे. विचारलं की खरं सांगायचं. नर्स सांगायची, आज तर तो मरावा असं वाटलं. आजोबा सांगायचे, काल फोन उचलून परत ठेवला. मी त्यांना काही शिकवलं नाही. पट्टी नव्हती, पाठांतर नव्हतं. आम्ही एकमेकांचं नुसतं ऐकायचो आणि डोळे मिटायचो. आता कुणी काहीही म्हणो, माझी खरी प्रार्थना त्या बाकावर सुरू झाली, मेजावरून उठवल्यानंतर.

शाळेतही मी बदलले, असं म्हणायला हरकत नाही, पण लगेच टाळ्या नकोत. दोन पोरं भांडली की हात मिळवायला लावणं मी सोडलं. विचारायचे, अजून राग आहे का? आहे म्हणाला तर म्हणायचे, मग बस माझ्या टेबलाजवळ, गेला की सांग. एका पोरानं दोन दिवस घेतले. मी म्हटलं, घे बाबा, माझ्यापेक्षा तू लवकरच केलंस.

वर्षं गेली. आमच्या डोंगरावर टॉवर आला, मोबाइल आले, धरणाच्या काठानं रिसॉर्ट झाले, सूस तर ओळखू येईना. भावाकडं स्कूटर जाऊन गाडी आली, डोक्यावरचे केस गेले. आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोलायचो. सलाम, सलाम. भावजय डबा द्यायची, मी घ्यायचे. आईच्या कबरीवर तो सकाळी जायचा, मी दुपारी.

मग एका रविवारी, पावसाळाच होता, प्रार्थनेच्या आधी भाऊ पेटीवरून उठला. सगळ्यांना वाटलं पाणी प्यायला चाललाय. तो सरळ मागं आला आणि आमच्या बाकाशी उभा राहिला. नर्सनं माझ्याकडं बघितलं. मी सरकले नाही. नर्स सरकली. तो माझ्याशेजारी बसला. पुढं पाळकसाहेबांनी जरा वाट बघितली आणि स्वतःच प्रार्थना सुरू केली, पेटीशिवाय, जरा वरच्या पट्टीत.

ती ओळ आली. मी तोंड मिटलं. शेजारी तोही गप्प. मग तो समोर बघतच पुटपुटला, ‘‘ताई, तू मला विचारलं होतंस.’’

‘‘काय?’’

‘‘झोपला होतास का म्हणून. मातीच्या वेळी.’’ पुढं प्रार्थना चालूच होती. ‘‘झोपलो होतो. दोन रात्री जागलो होतो आईजवळ, पहाटे जरा भिंतीला टेकलो. जाग आली तर गेलेली. हात गार होता. हाक मारली असेल तिनं, मला माहीत नाही.’’

मी पुढं रिकाम्या पेटीकडं बघत होते.

‘‘दुकानदाराला सीरियस मीच सांगितलं. गेली म्हटलं असतं तर तू फोनवर येऊन तेच विचारलं असतंस. आणि थांबलो नाही ते पण त्यासाठीच. पाळकसाहेब थांबू म्हणत होते. मीच म्हटलं, पाणी भरतंय, उरका. आईच्या देखत तू विचारू नयेस म्हणून. तू तरी येऊन विचारलंसच.’’

माझ्या तोंडात आधी काय आलं ते खरं सांगते. मूर्खा, असं आलं. एवढ्यासाठी मला आईचं तोंड बघू दिलं नाहीस? तिडीक गेली मस्तकात. आणि त्याच क्षणी मला तो दिसला, दूध उतू गेलेल्या पातेल्यासमोर उभा, चड्डी सावरत, माझ्या त्या वाक्याची वाट बघत. मी उत्तराची वाट न बघता जो प्रश्न आयुष्यभर त्याच्या अंगावर फेकत आले, तो एकदाच खरा झाला होता, आणि त्याचं उत्तर घेऊन हा माणूस इतकी वर्षं माझ्या मिटलेल्या तोंडासमोर पेटी वाजवत बसला होता. मला वाटत होतं, क्षमा फक्त मी करायची आहे, आणि ती मला जमत नाहीये. मागायची पण मलाच होती हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आमेन होऊन गेलं. लोक बसले. पाळकसाहेबांनी चष्मा लावून पुस्तक उघडलं. आणि तेव्हा मी ती ओळ म्हणायला लागले, एकटी, शाळेच्या आवाजात. सगळे वळून बघायला लागले. बघोत. मला हळू काही येतच नाही, क्षमासुद्धा मी ओरडूनच केली. आम्ही दुसऱ्यांना जशी केली, इथपर्यंत आले, आणि पुढं, तशी तू आम्हाला कर, हे मागायची वेळ आली तसा माझा तो मैदानावर ऐकू जाणारा आवाज पार गेला. तोंड उघडं आणि आवाज नाही.

उरलेली ओळ भावानं म्हटली.